उघड पुराव्याची पारख

हेर म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे बहिर्जी नाईक उभे राहतात. वेषांतर करावे, परक्याच्या गोटात शिरावे, कानोसा घ्यावा आणि रातोरात बातमी धन्याच्या कानी घालावी, अशी हेरगिरीची आपली कल्पना आहे, आणि ती चुकीची नाही. परंतु ज्या शोधविद्येविषयी आम्ही येथे चार शब्द सांगणार आहोत ती याच्या अगदी उलट आहे. तीत वेषांतर नाही, कुलूप फोडणे नाही, कोणाची पत्रे चोरून वाचणे नाही. जे सर्वांसमोर पडलेले आहे, जे कोणालाही पाहता येते, अशा माहितीवरूनच एखादी गोष्ट खरी की खोटी, ती कोठे घडली, केव्हा घडली आणि कोणी केली हे ठरवावयाचे, एवढेच तिचे काम. इंग्रजीतून आलेले तिचे नाव ‘ओपन सोर्स इंटेलिजन्स’ असे आहे. आपण तिला उघड पुराव्याचा शोध म्हणू.

ही कल्पना नवी नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या १९३९ साली बीबीसीने परदेशांचे रेडिओ-कार्यक्रम ऐकून त्यांची टिपणे करणारे एक स्वतंत्र खाते उघडले. शत्रू उघडपणे जे बोलतो तेवढेच नीट ऐकले तरी पुष्कळ कळते, ही त्यामागील दृष्टी होती. नवे आहे ते माहितीचे प्रमाण. आज ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे, डोक्यावरून उपग्रह फिरत आहेत, विमाने व जहाजे आपला ठावठिकाणा रेडिओ-लहरींवरून स्वतःच जाहीर करीत जातात, आणि सरकारी दप्तराचा बराच भाग घरबसल्या पाहता येतो. पूर्वी पुरावा मिळत नसे म्हणून सत्य हाती लागत नसे. आता पुराव्याचा पूर आला आहे, आणि पुराचे पाणी गढूळ असावयाचेच. म्हणून शोधाइतकीच, किंबहुना शोधापेक्षाही, पारख महत्त्वाची झाली आहे.

ही विद्या वार्ताहरांची आणि वकिलांची, आम्हां संसारी माणसांना तिच्याशी काय कर्तव्य, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर दुर्दैवाने आपल्याच महाराष्ट्रात मिळालेले आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. मुले पळविणारी टोळी ती हीच, असा संशय कोणी बोलून दाखविला, जमाव जमला, आणि त्या पाचही जणांना मारून मारून ठार करण्यात आले. त्यांचा अपराध एवढाच की ते परगावचे होते, आणि मुले पळविणाऱ्यांच्या अफवा त्याआधी कित्येक दिवस मोबाइल फोनवरून पसरत होत्या.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे एका मुलाला उचलून नेताना दिसत. ती फीत मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. मूळ फितीत ते दोघे शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. कोणी तरी तो शेवट कापून टाकला. मालेगावच्या बाजूला पसरलेल्या दुसऱ्या एका फितीतील मुलांची प्रेते २०१३ साली सीरियात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातील होती. दोन्ही चित्रे कोणी तरी, कोठे तरी, कधी तरी घेतलेलीच होती. खोटी होती ती त्यांना चिकटविलेली जागा, तारीख आणि हकीकत. तेव्हा या तीन गोष्टी ताडून कशा पाहावयाच्या, हाच आपला विषय.

बखर आणि अस्सल कागद

या कामाची शिस्त मराठी माणसाला परकी वाटू नये. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढणाऱ्या राजवाड्यांनी बखरींवर जो कडक कटाक्ष ठेवला तो याच शिस्तीपोटी. बखर बहुधा मागाहून लिहिलेली, ऐकीव गोष्टींवर रचलेली, आणि नकलेवरून नक्कल होत आपल्यापर्यंत आलेली. पत्र मात्र त्या दिवसाचे, त्या माणसाच्या हातचे. म्हणून संशोधक प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारतो: हा लिहिला कोणी, केव्हा लिहिला, लिहिणाऱ्याने गोष्ट पाहिली की ऐकली, आणि हा आमच्यापर्यंत कोणत्या वाटेने आला? आपल्या फोनवर येणारे फिरते संदेश म्हणजे आजच्या बखरीच होत. लेखकाचे नाव नाही, तारीख नाही, आणि मधल्या प्रत्येक हाताने एखादे वाक्य जोडलेले किंवा तोडलेले. फरक इतकाच की बखर चुकली तर इतिहास बिघडतो, आणि हा संदेश चुकला तर माणूस मरतो.

मूळ प्रत शोधणे

छायाचित्र हाती आले की त्यात काय दिसते हे पाहण्याआधी, ते पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले आहे काय, हे विचारावे. यासाठी उलट शोधाची सोय आहे. नेहमी आपण शब्द देऊन चित्र शोधतो. येथे चित्रच देऊन त्याची जुळी भावंडे शोधावयाची. गूगल लेन्स, टिनआय, यांडेक्स ही त्याची प्रचलित साधने. यंत्र त्या चित्रातील आकार, रंग व रेषा यांवरून आकड्यांचे एक टाचण तयार करते आणि आपल्या साठ्यातील कोट्यवधी टाचणांशी ते ताडून पाहते. प्रत्येकाचा साठा वेगळा, म्हणून एकाला न सापडलेले दुसऱ्याला सापडते. दोनतीन ठिकाणी पाहणे बरे. चित्र आरशातल्यासारखे उलटविलेले असेल, कडा कापलेल्या असतील, तर यंत्र फसू शकते. अशा वेळी ते सुलटे करून, अथवा त्यातील एखादी इमारत तेवढीच घेऊन पुन्हा विचारावे. चित्रफीत असेल तर तिच्यातून निवडक स्थिरचित्रे वेगळी काढावी लागतात. ते काम ‘इन्व्हिड’ नावाचे साधन करून देते.

येथे एक तर्कशुद्ध सावधगिरी हवी. सापडलेली सर्वांत जुनी प्रत हीच मूळ प्रत, असे समजू नये. तिच्यावरून एवढेच सिद्ध होते की चित्र त्या तारखेनंतरचे नाही. परंतु खोडून काढण्यास तेवढेही पुष्कळदा पुरे होते. ‘काल आमच्या तालुक्यात घडले’ म्हणून आलेले चित्र पाच वर्षांपूर्वी परदेशी वर्तमानपत्रात छापलेले आढळले, की पुढे काही शोधावयाचे उरत नाही.

कॅमेराही छायाचित्राच्या पोटात काही नोंदी लिहून ठेवतो. वेळ, कॅमेऱ्याची जात आणि कित्येकदा जागेचे अक्षांश-रेखांश त्यांत असतात. पण व्हॉट्सॲपवरून साधे छायाचित्र म्हणून पाठविले की या नोंदी गळून पडतात. शिवाय त्या बदलताही येतात. सापडल्या तर त्यांना साक्षीदार म्हणून ऐकावे, न्यायाधीश म्हणून नव्हे.

जागा ठरविणे

पूर्वी कोठेच प्रसिद्ध न झालेले चित्र असेल तर काय करावयाचे? हे समजण्यासाठी एक खरे प्रकरण घेऊ.

२०१८ च्या जुलैत एक भीषण चित्रफीत प्रकट झाली. सैनिकी वेषातील माणसे दोन स्त्रियांना आणि त्यांच्याबरोबरच्या दोन लहान मुलांना एका कच्च्या रस्त्याने नेतात, त्यांचे डोळे बांधतात आणि गोळ्या घालतात. हे आफ्रिकेतील कॅमेरून देशाचे सैनिक आहेत, असा आरोप झाला. कॅमेरून सरकारने तो झिडकारला आणि फीत बनावट ठरविली. जागा माहीत नाही, तारीख माहीत नाही, मेलेल्यांची नावे माहीत नाहीत, अशा स्थितीत बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या पथकाने इतर शोधकांच्या साह्याने काम हाती घेतले.

फितीच्या पहिल्या चाळीस सेकंदांत मागे एक डोंगररांग दिसते. सिंहगडाची कड नुसती दुरून पाहून पुणेकर आपण गावाच्या कोणत्या अंगाला उभे आहोत हे सांगू शकतो, कारण तशी कड दुसरीकडे नाही, आणि ती प्रत्येक ठिकाणाहून निराळी दिसते. ‘गूगल अर्थ’ या नकाशात जमिनीचे चढउतार साठविलेले असतात. त्यामुळे पृथ्वीवरील एखाद्या जागी उभे राहून क्षितिज कसे दिसेल, हे पडद्यावर पाहता येते. शोधकांनी उत्तर कॅमेरूनमधील डोंगर तासन् तास ताडून पाहिले, जुळेना. तेव्हा कॅमेरूनमधील एका माहीतगाराने सुचविले की झेलेव्हेत गावाच्या आसपास पाहा. तेथे ती कड जुळली. जागा निघाली ती नायजेरियाच्या सरहद्दीजवळील क्रावा माफा नावाच्या खेड्याबाहेरची.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या माहीतगाराच्या सांगण्यावर निकाल दिलेला नाही. त्याने शोधाचे क्षेत्र लहान केले, एवढेच. पुरावा ठरला तो डोंगर, कारण तो कोणालाही पुन्हा ताडून पाहता येतो. आणि शोधक डोंगरावरही थांबले नाहीत. फितीत दिसणारा रस्ता, घरे आणि झाडे ही एकेक करून त्यांनी उपग्रहचित्राशी जुळविली. जुळणारी दहा चिन्हे मिळाली तरी न जुळणारे एखादे आहे काय, हे शोधावयाचे, अशी या कामाची रीत आहे. आपल्याला आवडलेल्या उत्तराला दुजोरा मिळविणे सोपे असते.

आपल्याकडील चित्रांत डोंगर नसला तरी अशी चिन्हे पुष्कळ असतात. पाटीवरील लिपी, दुकानाच्या फलकावरील गावाचे नाव, विजेच्या खांबांची ठेवण, एस.टी. गाडीवरील आगाराचे नाव, वाहनाच्या क्रमांकाची सुरुवात, ही सारी बोलकी असतात. ‘एम.एच. १८’ म्हणजे धुळे, हे धुळेकराला सांगावे लागत नाही. धुळ्याचे म्हणून दाखविलेल्या चित्रात एकही वाहन महाराष्ट्राच्या क्रमांकाचे नसेल, तर शंका घेण्यास तेवढे पुरे.

वेळ ठरविणे

जागा ठरली की वेळ ठरविण्याचे दोन मार्ग मोकळे होतात. पहिला जमिनीवरील बदलांचा. जुनी उपग्रहचित्रे क्रमाने लावली की कोणते घर केव्हा उभे राहिले व केव्हा पडले हे दिसते. क्रावा माफाच्या फितीतील एक बांधकाम २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत नाहीसे झाले होते, आणि दुसरे एक २०१४ च्या नोव्हेंबरात अद्यापि पुरे झालेले नव्हते. म्हणजे घटना या दोन तारखांच्या दरम्यानची. फितीतील एक पायवाट तर फक्त जानेवारी ते एप्रिल या कोरड्या ऋतूतच उमटलेली दिसे.

दुसरा मार्ग सावलीचा. आपल्या जुन्या ज्योतिषात शंकू रोवून त्याच्या सावलीवरून काळ व दिशा काढीत, तेच हे गणित. तीन हात काठीची सावली तीन हात पडली तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर आहे. सावली कमी पडली तर तो अधिक वर आहे. सावलीच्या लांबीवरून सूर्याची उंची आणि तिच्या रोखावरून सूर्याची दिशा मिळते. जागेचे अक्षांश माहीत असले की या दोन मापांवरून वर्षातील दिवस जवळजवळ निश्चित करता येतो.

पुण्याचेच उदाहरण घ्या. पुण्याचे अक्षांश साडेअठराच्या सुमाराचे. मे महिन्याच्या मध्यास भर मध्यान्ही सूर्य तेथे बरोबर माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. एरवी वर्षभर ती उत्तरेकडे पडते. तेव्हा पुण्यात भर मध्यान्ही काढलेल्या चित्रात खांबाची सावली दक्षिणेकडे असेल आणि कोणी ते चित्र दिवाळीचे म्हणून सांगेल, तर ते म्हणणे टिकणार नाही. हे गणित हातानेच करावे असे नाही. ‘सनकॅल्क’ नावाच्या साधनात जागा, तारीख व वेळ दिली की सूर्याची दिशा व उंची नकाशावर आखून मिळते.

क्रावा माफाच्या फितीत चालणारे सैनिक हेच शंकू झाले. त्यांच्या सावल्यांवरून दिवस निघाला तो २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ यांच्या दरम्यानचा. चिकित्सक वाचक येथे विचारतील की सूर्य जाताना एकदा व परत येताना एकदा त्याच स्थितीत येतो, मग सप्टेंबर का नव्हे? प्रश्न योग्य आहे, आणि सावली एकटी त्याचे उत्तर देऊ शकत नाही. उत्तर देते ती पायवाट, कारण ती कोरड्या ऋतूतच दिसे आणि सप्टेंबर हा तेथे पावसाचा काळ. एका साक्षीची उणीव दुसरी साक्ष भरून काढते, ती अशी.

याच रीतीने सैनिकांच्या हातांतील सर्बियन बनावटीची बंदूक, त्यांचे गणवेष आणि जवळच असलेली लष्करी चौकी यांचा पुरावा जुळविण्यात आला. सरकारने आधी सर्व नाकारले होते. पुढे सात सैनिकांना अटक झाल्याचे त्यालाच जाहीर करावे लागले. २०२० च्या सप्टेंबरात लष्करी न्यायालयाने चौघांना दहा वर्षांची व एकाला दोन वर्षांची शिक्षा दिली, दोघे सुटले. शिक्षा पुरेशी होती की नाही हा वेगळा प्रश्न. परंतु ज्या खुनांची जागा व तारीखसुद्धा सांगता येत नव्हती, ते डोंगराची कड आणि माणसांच्या सावल्या यांनी न्यायालयापुढे आणले.

दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत

पुराव्याचे बळ त्याच्या संख्येत नसून स्वतंत्रपणात असते. शिवजन्मतिथीचा वाद पुष्कळांना ठाऊक आहे. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी निघाली. पुढे परमानंदाच्या ‘शिवभारता’ने तीच तिथी दिली, आणि दूर जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीनेही तीच दिली. एकमेकांच्या नकला नसलेली ही तीन साधने एका तिथीवर येऊन मिळाली, म्हणून त्या तिथीला वजन आले. एकाच बखरीच्या दहा नकलांत तीच तिथी आढळली असती तर ती एकच साक्ष ठरली असती.

१७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे एम.एच. १७ हे विमान पाडण्यात आले आणि २९८ माणसे मेली. त्याच महिन्यात एलियट हिगिन्स या इंग्रज गृहस्थाने ‘बेलिंगकॅट’ नावाचे शोधपथक सुरू केले होते. क्षेपणास्त्राची गाडी रस्त्याने नेली जात असता वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या गावी सहज टिपलेली चित्रे त्यांनी एकत्र केली, प्रत्येकाची जागा व वेळ ठरविली, आणि त्या गाडीचा माग रशियन सैन्याच्या ५३ व्या विमानविरोधी ब्रिगेडपर्यंत नेला. रशियाने जबाबदारी नाकारली. आंतरराष्ट्रीय तपास पथकाने आपला तपास स्वतंत्रपणे केला, आणि हेगच्या जिल्हा न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२२ रोजी तिघांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप दिली. चौथा निर्दोष सुटला. त्या चित्रांपैकी एखादे एकटे पाहिले तर ते सहज बाजूला सारता आले असते. अनेक अनोळखी माणसांची चित्रे एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी ओळीने लागली, तेव्हा त्यांना नाकारणे कठीण झाले.

पुरावा जपणे

कागदाला वाळवी लागते. इंटरनेटवरील मजकूर तर एका बोटाने पुसला जातो. म्हणून पाहिले की लगेच जपून ठेवावे. अमेरिकेतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था १९९६ पासून वेबपृष्ठांच्या प्रती साठवीत आहे, आणि तिच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये २००१ पासून त्या कोणालाही पाहता येतात. एखादे पृष्ठ गेल्या वर्षी कसे होते हे तेथे दिसू शकते, आणि आज दिसणाऱ्या पृष्ठाची प्रत आपणही तेथे ठेववू शकतो. त्या प्रतीवर तारीख पडते, आणि ती आपल्या ताब्यात नसते, हेच तिचे महत्त्व.

स्वतःजवळ ठेवलेल्या फाइलीची अंकमुद्रा घेऊन ठेवण्याचीही पद्धत आहे. ‘एसएचए-२५६’ या रीतीने कोणत्याही फाइलीवरून चौसष्ट अक्षरांची एक ओळ निघते. फाइलीत एक ठिपका बदलला तरी ती ओळ पार बदलते. आज घेतलेली मुद्रा दोन वर्षांनी जुळली, तर मधल्या काळात फाइलीला कोणी हात लावलेला नाही हे दाखविता येते. अशा शोधांना न्यायालयात स्थान मिळावे म्हणून संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क कार्यालय आणि बर्कलेचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी २०२० साली एक नियमावलीच प्रसिद्ध केली. तिचा रोख असा की शोधकाने नुसता निष्कर्ष सांगू नये. प्रत्येक पायरी अशी लिहून ठेवावी की परक्यानेही ती पुन्हा चढून पाहावी.

मर्यादा आणि संयम

या साधनांविषयी भलत्या अपेक्षाही नसाव्यात. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात आणि दर काही दिवसांनी नवी येतात, पण त्यांतील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील दहा मीटरांचा चौकोन. घर म्हणजे एखाददुसरा ठिपका. माणूस दिसण्याचा प्रश्नच नाही. शेत, जंगल, पूर, खाणी यांसाठी ती उत्तम. त्याहून सूक्ष्म चित्रे असतात, पण ती रोजची नसतात आणि पुष्कळदा विकत घ्यावी लागतात. आणि २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीला जसा महापूर आला, तशा वेळी आभाळ भरलेले असते. ढगांखालचे पाहावयास रडारचे उपग्रह लागतात.

शिवाय आता संगणक न घडलेल्या प्रसंगांची चित्रे रचू लागला आहे. अशा चित्राची जुनी प्रत सापडणार नाही, कारण ती नसतेच. तेव्हा जागा, सावली, ऋतू आणि दुसऱ्या कोनातून घेतलेले स्वतंत्र चित्र यांचाच आधार घ्यावा लागतो. तेही न मिळाल्यास ‘ठरविता येत नाही’ असे म्हणून थांबावे. हे वाक्य उच्चारण्यास धैर्य लागते, आणि ज्याला ते उच्चारता येत नाही त्याने या कामात पडू नये.

कारण सर्वांत मोठा धोका साधनांत नाही, उतावळेपणात आहे. १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत बॉम्बस्फोट झाले. हजारो हौशी लोक छायाचित्रे पाहून गुन्हेगार शोधू लागले, आणि चेहरा मिळताजुळता वाटतो एवढ्यावरून त्यांनी एका विद्यार्थ्याचे नाव जगभर पसरविले. तो मुलगा आधीपासून बेपत्ता होता आणि सर्वस्वी निर्दोष होता. पुढे तो मृतावस्थेत सापडला. त्याच्या कुटुंबाला त्या दिवसांत काय सोसावे लागले असेल, याची कल्पनाच करावी. राईनपाडा आणि बॉस्टन यांत अंतर मोठे आहे, साधनांतही आहे; पण अपुऱ्या पुराव्यावर माणसाकडे बोट दाखविण्याची घाई दोन्हीकडे एकच होती.

म्हणून आमच्या मते जागा व वेळ शोधण्याचा अधिकार सर्वांचा. माणसाचे नाव घेण्याचे काम मात्र पोलिसांवर व न्यायालयावर सोडावे. जे उघड आहे ते सारे वेचण्याजोगे असते असेही नाही. एखाद्या बाईचा पत्ता एकीकडे, तिच्या मुलाची शाळा दुसरीकडे, तिची रोजची गाडी तिसरीकडे, अशी तीन निरुपद्रवी टिपणे एकत्र केली की तिच्या पाळतीची सोय होते. कुलूप फोडले नाही म्हणून काम निर्मळ ठरत नाही.

घरगुती उपयोग

आपल्यापैकी बहुतेकांना युद्धाचा तपास करावयाचा नाही. घर घ्यावयाचे असते, पैसे गुंतवावयाचे असतात. तेथेही हीच रीत चालते. बांधकाम व्यावसायिकाचे रंगीत माहितीपत्रक ही बखर समजावी. महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचा नोंदणी-क्रमांक घालून पाहावा, ताबा देण्याची कबूल तारीख वाचावी, सातबारा महाभूलेखावर पाहावा, कंपनीची नोंद केंद्रीय कंपनी-व्यवहार मंत्रालयाच्या दप्तरात आहे काय ते पाहावे, आणि जमिनीवर खटला आहे काय हे ‘ई-कोर्ट्स’वर शोधावे. ही सर्व दप्तरे उघडी आहेत. जे तेथे नाही त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार आहे.

बँकेच्या नावाने दुवा आला तर त्या संकेतस्थळाचे नाव केव्हा नोंदविले गेले हे ‘हूइज’ या नोंदवहीत पाहता येते. जुन्या बँकेचे म्हणविणारे स्थळ आठ दिवसांपूर्वी जन्मलेले निघाले, तर निराळे काही विचारावयास नको.

शेवटी पुन्हा राईनपाड्याकडे वळू. जमाव जमल्यावर तेथे कोणी उलट शोधाचे साधन उघडले असते तर त्याचे कोणी ऐकले असते असे आम्हांस वाटत नाही. पारखण्याची वेळ त्याआधी होऊन गेली होती. कोणी तरी ओट्यावर, कोणी दुकानात, कोणी बसमध्ये तसलाच एखादा संदेश पाहिला आणि पुढे धाडला, त्या प्रत्येक क्षणी ती वेळ होती. तेव्हा हाती फोन होता, फुरसत होती आणि विचारावयाचे प्रश्न तीनच होते: हे कोठले, केव्हाचे, आणि हे मला सांगणाऱ्याला कोणी सांगितले? उत्तर मिळाले नाही तर संदेश आपल्यापाशीच थांबवावा. एवढे करावयास कोणतेही साधन लागत नाही.